माफीचा साक्षीदार : एका विनोदी चित्रपटाच्या निमित्ताने

केंद्र सरकारने २०१८ साली तयार केलेली साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ५ डिसेंबर रोजी महेंद्र चावला खटल्याच्या निकालात मान्य केली आणि यथावकाश कायदा होईपर्यंत तीच कायदा समजली जावी असे ठरवले. त्या योजनेत ओळख बदलण्याविषयी एक तरतूद आहे. जिवाला धोका असलेल्या साक्षीदाराला नवे नाव, नवा व्यवसाय, इतकेच नव्हे तर नवे पितृत्वही देता येईल आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे पुरवता येतील, असा तिचा आशय आहे. मात्र या नव्या ओळखीमुळे त्याचे शिक्षण, व्यवसाय आणि मालमत्ता यांविषयीचे पूर्वीचे हक्क हिरावले जाऊ नयेत, अशी पुस्तीही तिला जोडलेली आहे. म्हणजे नाव जाईल, बाप जाईल. पदवी आणि घर तेवढे राहील. कायद्याची भाषा सहसा विनोदाच्या वाटेला जात नाही. इथे ती नकळत गेली आहे.

मराठी माणसाच्या बाबतीत ही तरतूद अधिकच खोल जाते. आपले नाव तीन पदांचे आणि मधले पद बापाचे. त्यामुळे ओळख बदलणे म्हणजे आपल्याकडे एखादा शब्द बदलणे नव्हे, ती वंशावळीतच ढवळाढवळ होय. अर्थात नाव आणि मधले पद दोन्ही बदलून परक्या घरी, परक्या गावी आयुष्य नव्याने सुरू करण्याचा अनुभव आपल्या समाजातील निम्म्या माणसांना परंपरेने दिलेलाच आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव वधूला मिळत आले, ते कोणत्याही गुन्ह्यावाचून आणि कोणत्याही साक्षीवाचून. त्या प्रसंगी कोणाला हसू येत नाही. दांडगट पुरुषाचे नाव बदलले की मात्र विनोद निर्माण होतो. असे का व्हावे हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या कडेला उभा आहे. त्याला मध्यभागी आणण्याचे सामर्थ्य या लेखात नाही, पण तो तिथे आहे याची जाणीव असावी.

'माय ब्लू हेवन' हा १९९० सालचा अमेरिकन चित्रपट अशाच एका नामांतरावर उभा आहे. दिग्दर्शन हर्बर्ट रॉस यांचे, पटकथा नोरा एफ्रॉन यांची. न्यूयॉर्कच्या टोळीतील व्हिनी अँटोनेली (स्टीव्ह मार्टिन) आपल्याच साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला तयार होतो आणि सरकार त्याला कॅलिफोर्नियातील एका स्वच्छ, शांत, कंटाळवाण्या उपनगरात टॉड या नावाने आणून बसवते. त्याच्यावर नजर ठेवणारा एफबीआयचा अधिकारी बार्नी (रिक मोरॅनिस) हा नियमाबाहेर पाऊल न टाकणारा, बायकोने सोडलेला नेमस्त गृहस्थ. व्हिनी चकचकीत सूट घालून हिरवळीवर उभा राहतो, भेटेल त्याच्या हातात बक्षिसी कोंबतो, संधी मिळाली की हात मारतो. पुढे सुपरमार्केटात त्याला एकेक जुना सोबती भेटू लागतो आणि उलगडा होतो, की सरकारने असे कितीतरी जण याच गावात आणून ठेवले आहेत. व्हिनी बदलत नाही, गाव बदलते. नियमनिष्ठ बार्नी नाचायला शिकतो, आणि अखेरीस व्हिनी गावातल्या मुलांसाठी बेसबॉलचे मैदान उभारून त्या गावाचा लाडका होतो.

चित्रपट थोर नाही. काही प्रसंग उगाच लांबले आहेत आणि दोन्ही प्रेमकथा कशाबशा आटोपल्या आहेत. मग त्याच्याविषयी समीक्षेच्या नियतकालिकात लिहावे का? लिहावे, कारण ज्या नैतिक प्रश्नापुढे गंभीर कलाकृती थबकतात त्याच्यावरून हा चित्रपट हसत हसत निघून जातो. हसत निघून जाणाऱ्या माणसाने काय ओलांडले, हे मागे राहिलेल्याने पाहायचे असते.

आधी हास्याचा विचार करू. नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे जे विभाव दिले आहेत त्यांत परवेष, धार्ष्ट्य, लौल्य आणि असत्प्रलाप यांची गणना आहे. परक्याचा वेष, निर्लज्ज धिटाई, हावरेपणा, खोटी बडबड. व्हिनीचे व्यक्तिचित्र जणू या यादीवरूनच बेतले आहे असे वाटावे, इतका तो तीत बसतो. यातला 'परवेष' हा शब्द विशेष महत्त्वाचा. वेष परक्याचा आहे हे प्रेक्षकाला दिसत राहिले पाहिजे. तो अंगाशी मिळून गेला तर हास्य संपते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या मराठी प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याच्या चित्रपटात साडी नेसलेला पुरुष क्षणभरही विसरला जात नाही, म्हणूनच आपण हसत राहतो. तेव्हा संरक्षित गुन्हेगारावरचा विनोदी चित्रपट स्वभावतःच एका सिद्धांताला बांधलेला असतो : हा माणूस बदललेला नाही. तो खरोखर टॉड झाला तर चित्रपटच उरणार नाही.

बर्गसाँने १९०० साली हास्यावर लिहिताना अंतःकरणाच्या तात्पुरत्या बधिरतेची अट सांगितली होती. हसणाऱ्याला त्या क्षणापुरती सहानुभूती बाजूला ठेवावी लागते. हे तत्त्व इथे लावले म्हणजे विचारावे लागते, की बधिर नेमके काय करायचे? केळीच्या सालीवरून घसरणाऱ्या माणसाला पाहून हसताना आपण त्याच्याविषयीची सहानुभूती बाजूला ठेवतो. व्हिनीच्या बाबतीत तसे नाही. त्याच्याविषयी तर आपल्याला ममत्वच वाटू लागते. बाजूला ठेवली जाते ती पडद्यावर नसलेल्यांविषयीची सहानुभूती. ज्यांच्या मारल्या जाण्याची साक्ष देण्यासाठी हा माणूस सरकारी खर्चाने जिवंत ठेवला आहे, त्यांची. विनोदी चित्रपट त्यांना क्रूरपणे वागवत नाही. तो त्यांना आत घेतच नाही.

याच्या जोडीला एक वाङ्मयीन योगायोग आहे. एफ्रॉन यांचे पती निकोलस पिलेगी यांनी हेन्री हिल या खऱ्या टोळीवाल्यावर १९८५ साली पुस्तक लिहिले आणि त्यावरून मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'गुडफेलाज' हा चित्रपट 'माय ब्लू हेवन'नंतर महिन्याभरातच प्रदर्शित झाला. एका घरात दोन टंकलेखनयंत्रे आणि त्यांतून निघालेली एकाच जातीच्या माणसाची दोन रूपे. 'गुडफेलाज'च्या शेवटीही हिल संरक्षणाखाली एका सपाट उपनगरात येतो, पण तिथे हास्य नाही. आता आपण कोणीही नाही, इतर सगळ्यांसारखे रांगेत उभे राहणारे झालो, एवढीच त्याची खंत आहे. पश्चात्ताप त्या चित्रपटातही नाही. फरक इतकाच, की 'गुडफेलाज' प्रेक्षकाला त्या खंतीसमोर एकटा सोडतो आणि 'माय ब्लू हेवन' त्याला मैदानाच्या उद्घाटनाला नेतो. प्रत्यक्षातला हिल १९८० साली योजनेत गेला, गुन्हे करीतच राहिला, म्हणून योजनेतून वगळला गेला आणि २०१२ साली वारला. मैदान वगैरे त्याने काही बांधले नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण आपल्या भाषेने या माणसाला जे नाव दिले आहे ते फार बोलके आहे. इंग्रजीत त्याच्यासाठी जो शब्द आहे त्याचा रोख गुन्हा कबूल करण्यावर आहे. मराठीने त्याला 'माफीचा साक्षीदार' म्हटले. ही षष्ठी मोठी विलक्षण आहे. हा गुन्ह्याचा साक्षीदार नव्हे, सत्याचाही नव्हे. हा माफीचा साक्षीदार. माफी ही त्याची मजुरी आहे. शिवाय मराठीने इथे क्षमा हा शब्द वापरला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. माफी शेतसाऱ्याची होते, फीची होते, कर्जाची होते. ती वरून खाली येते, तिला कागद असतो, तिच्यात देणाऱ्याचे काही दुखत नाही. क्षमा मात्र ज्याचे काही गेले त्यालाच करता येते. रोजच्या बोलण्यात आपण हे दोन शब्द सरमिसळ वापरतो हे खरे, परंतु न्यायालयाच्या मराठीने त्यांतला योग्य तो निवडला. राज्य माफी देते, कारण क्षमा देण्याचा अधिकार राज्यापाशी नाही.

कायद्याला याचे भान पूर्वीपासून होते. १८७२च्या पुरावा कायद्यातील (जुलै २०२४ पासून त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली) दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एक म्हणते, गुन्ह्यातला साथीदार हा साक्ष द्यायला पात्र आहे. दुसऱ्याच्या उदाहरणात म्हटले आहे, की महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा मिळाल्यावाचून तो विश्वासास पात्र नाही असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. म्हणजे त्याचे ऐकायचे, पण त्याच्या शब्दावर जायचे नाही. त्याच्या पश्चात्तापाची चौकशी कायदा करीत नाही. सगळे आणि खरे सांग, इतकीच अट. पश्चात्ताप न मागणारा कायदा निर्दय वाटेल. प्रस्तुत लेखकाला त्यात एक प्रकारचा सभ्यपणा दिसतो. माणसाच्या आत काय चालले आहे ते आपल्याला कळते असा आव तो आणीत नाही.

पण सौदा म्हटला की त्यात कोणीतरी न विचारलेला माणूस असतो. आपल्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध माफीचा साक्षीदार म्हणजे गांधीहत्येच्या खटल्यातील पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे. तो २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात इतरांबरोबर गेलेला होता. पुढे त्याला माफी मिळाली, लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात त्याची साक्ष झाली, न्यायाधीशांना ती विश्वसनीय वाटली. तरी सावरकरांच्या बाबतीत केवळ तिच्या आधारावर निष्कर्ष काढणे त्यांनी टाळले. वर सांगितलेल्या दोन कलमांतला ताण या निकालात मूर्त झालेला दिसतो. इथवर अभ्यासकांना माहीत असते. ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही तो बडग्याचा नोकर शंकर किस्तय्या. मालकाच्या सांगण्यावरून ओझी वाहणारा, मालकाबरोबर दिल्लीला गेलेला. १० फेब्रुवारी १९४९च्या निकालात मालक साक्षीदार म्हणून मोकळा राहिला आणि नोकराला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने काही महिन्यांनी अपिलात त्याला निर्दोष सोडले. मधल्या काळात हा माणूस कोणत्या विचारात असेल? मालकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते म्हणून तो सुटला. नोकराजवळ विकण्याजोगी माहिती फारशी नव्हती. माफीच्या बाजारात अधिक दोषी माणसाची पत अधिक असते, ही गोष्ट 'माय ब्लू हेवन'सारख्या चित्रपटात कधी येत नाही, आणि ती आली तर विनोद टिकणार नाही. मराठीत जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला 'माफीचा साक्षीदार' (१९८६) या नावाचाच चित्रपट आहे, पण तिथेही प्रेक्षकाच्या मनात घर करून राहतो तो टोळीचा म्होरक्या. साक्षीदार फक्त शीर्षकापुरता.

नवे नाव घेणाऱ्या गुन्हेगाराची आपली स्वतःची कथा वाल्याची. लोककथेतल्या वाल्याला नारद विचारतो, तुझ्या पापात घरचे वाटेकरी आहेत का? तो घरी जाऊन विचारून येतो आणि कोणीही वाटा घेत नाही. तिथून पुढे जप, वर्षे, आणि अंगावर वाढलेले वारूळ. वाल्मीकी हे नाव त्या वारुळाचे आहे. त्याने सोसलेल्या काळाचे ते नाव आहे. ते त्याला कोणी कागदावर दिले नाही. अलीकडे राजकारणात पक्ष बदललेल्या डागी माणसासाठी 'वाल्याचा वाल्मीकी' हा वाक्प्रचार सर्रास वापरतात. त्यात वाल्या आहे, वाल्मीकी आहे, फक्त मधले वारूळ गाळलेले आहे. 'माय ब्लू हेवन'च्या पटकथेलाही वारूळ परवडण्यासारखे नव्हते.

तरीही वाल्याच्या कथेत एक उणीव आहे, आणि ती सांगितली पाहिजे. त्याने ज्यांना लुटले, मारले, ते त्या कथेत पुन्हा येत नाहीत. पापाचा हिशोब वाल्या, त्याचे घर आणि देव यांच्यातच मिटतो. या बाबतीत अंगुलीमालाची कथा अधिक प्रगल्भ आहे. बुद्धाकडे आलेल्या अंगुलीमालाला राजा प्रसेनजित पकडत नाही, उलट त्याला जे हवे ते देऊ करतो. आजच्या भाषेत हे राजसंरक्षणच झाले. परंतु तो भिक्षेला गावात गेला की लोकांचे दगड-काठ्या त्याच्यावर येतात. डोके फुटलेले, भिक्षापात्र मोडलेले अशा अवस्थेत तो परत येतो आणि बुद्ध त्याला म्हणतो, सोस. बुद्ध त्याचे गाव बदलत नाही. ज्यांचे गेले त्यांना त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा, आणि हो, दगड उचलण्याचाही अवसर त्या कथेत आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ही धर्मांतराची कथा घेतली आहे, याचे मोल त्या ग्रंथाच्या संदर्भात स्वतंत्रपणे तपासावे लागेल.

हा सर्व विचार प्रस्तुत लेखकाच्या मनात घोळू लागला तो त्याच्या रोजच्या प्रवासात. विठ्ठलवाडी सोडली की कर्जतच्या गाडीला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. मुंबईतून बाहेर फेकल्या गेलेल्या, किंवा मुंबईत शिरू न शकलेल्या माणसांचा हा पट्टा. इथे नव्याने सुरुवात करण्यासाठी येणे ही इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की तिची कोणी चौकशी करीत नाही. अंबरनाथच्या शिवालयातल्या शिलालेखात शके ९८२ आणि शिलाहार माम्वाणीचे नाव नऊशेहून अधिक वर्षे टिकून आहे, आणि त्याच गावात भाड्याच्या खोलीवर दर अकरा महिन्यांनी नवी पाटी लागते.

बदलापूर या नावाविषयी लोकव्युत्पत्ती अशी, की जुन्या वाटेवर इथे घोडे बदलत. तिचा ऐतिहासिक आधार कितपत पक्का हा प्रश्न बाजूला ठेवू. लोकांनी या गावाच्या नावात 'बदल' ऐकला, हे खरे. श्रीराम राघवन यांनी २०१५ सालच्या 'बदलापूर' या हिंदी चित्रपटात त्याच नावात 'बदला' ऐकला. पुण्यातल्या बँक-दरोड्यात बायको आणि मुलगा गमावलेला रघू (वरुण धवन) बदलापुरात येऊन राहतो आणि पंधरा वर्षे वाट पाहतो. गुन्हेगार नव्हे, बळी पडलेला माणूसच इथे अज्ञातवासात गेला आहे, आणि पाहता पाहता तो स्वतः खुनी होतो. तिकडे तुरुंगातला लायक (नवाजुद्दीन सिद्दिकी) आधी थापाडा, निलाजरा, जवळजवळ विनोदी. भरताच्या यादीतले धार्ष्ट्य आणि लौल्य त्याच्यातही भरपूर आहे. मरणाच्या दारात तो सुटतो आणि शेवटी रघूने केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो.

या शेवटाची 'माय ब्लू हेवन'शी तुलना केली म्हणजे मूळ प्रश्नाची दोन टोके समोर येतात. व्हिनीची साक्ष खरी आहे आणि तिच्यामागे पश्चात्तापाचा लवलेश नाही. लायकची कबुली खोटी आहे आणि तीच त्याच्या आयुष्यातली एकमेव प्रायश्चित्ताची कृती आहे. पहिल्याला सत्य सांगून आयुष्य मिळते. दुसरा असत्य सांगून उरलेले आयुष्य देऊन टाकतो. कायद्याच्या दृष्टीने पहिला उपयुक्त आणि दुसरा न्यायाची दिशाभूल करणारा. आणि तरी लायकनेच एक गोष्ट ओळखली : ज्याचे आपण नेले, परत करायचे ते त्याला. सरकारला नव्हे. तो क्षमा मागत नाही, रघू ती देतही नाही. मला या चित्रपटातील हिंसा अनेक ठिकाणी, विशेषतः स्त्रीपात्रांच्या बाबतीत, अनावश्यक वाटते. पण शेवटाने त्याची पुष्कळ भरपाई केली आहे.

आता उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत त्यांना ठेवले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. छावण्यांचे क्रमांक मात्र अजून पत्त्यात आहेत. इथे तयार होणाऱ्या मालावरच्या 'मेड इन यू.एस.ए.' या शिक्क्याची थट्टा साऱ्या महाराष्ट्राने केली. त्या अक्षरांचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असे सांगून आपण हसलो. मालाच्या बनावट ओळखीवर हसणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नाही. सर्वस्व मागे टाकून आलेल्या या माणसांनी स्वतःचे नाव बदलले नाही. सिंधी आडनावातला 'आणी' हा प्रत्यय पूर्वजाच्या नावाला लागतो; अमक्याच्या वंशातला, असा त्याचा अर्थ. गाव, घर, शेजार, नदी, सगळे गेले तरी पूर्वज नावात राहिला. निर्वासित आणि संरक्षित साक्षीदार दोघेही परक्या गावात नव्याने राहू लागतात, परंतु एकाजवळ नावावाचून काही उरलेले नसते आणि दुसऱ्याला नावाखेरीज सर्व काही मिळते.

याच शहरात १९९०च्या फेब्रुवारीत एका माणसाचा गोळ्या घालून खून झाला. त्याचा भाऊ त्या खुनाचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता. त्याला पोलीस संरक्षण होते. एप्रिल महिन्यात त्याचाही खून झाला. या दुसऱ्या खुनाच्या खटल्यात कल्याणच्या न्यायालयाने एका माजी आमदारासह काही जणांना जन्मठेप सुनावली, ती डिसेंबर २०१३ मध्ये. मधे तेवीस वर्षे गेली. नावे मी मुद्दाम लिहीत नाही. या पट्ट्यात ती कोणाला सांगावी लागत नाहीत. 'माय ब्लू हेवन' अमेरिकेत लागला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि त्या शेजारी ठेवून चित्रपटाला दोषी ठरवणे हा समीक्षेचा स्वस्त प्रकार होईल. तथापि तुलना निराळ्या ठिकाणी आहे. उल्हासनगरचा साक्षीदार गुन्ह्यात सामील नव्हता. त्याने फक्त पाहिले होते. त्याच्यापाशी सौदा करण्यासारखे काही नव्हते. मागायला माफी नव्हती. अमेरिकेतील संरक्षण योजना १९७०च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातून जन्मली आणि तिच्या छत्राखाली आलेले बहुतांश लोक स्वतः गुन्हेगार होते, कारण टोळीचे आतले तेच सांगू शकत होते. आपल्याकडेही १९९९च्या 'मोक्का' कायद्यात साक्षीदाराच्या संरक्षणाचे कलम आले, महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र अधिनियम केला. हे सगळे त्या एप्रिलनंतरचे. विनोदी चित्रपटाला निष्पाप साक्षीदार नायक म्हणून चालत नाही, असे मी म्हणेन. त्याला परवेष नाही, धार्ष्ट्य नाही. तो घाबरलेला असतो, आणि त्याला हसायचे कारण नसते.

मग व्हिनीवर हसणे अनैतिक आहे का? मला तसे वाटत नाही. चित्रपटाचा बराचसा भाग माफीवरचा विनोद आहे. सरकार एका लबाडाशी व्यवहार करते आणि तो लबाडच राहतो, हे पाहून हसण्यात काही गैर नाही. उलट तो विनोद कायद्यापेक्षाही प्रामाणिक आहे, कारण कायदा ज्याविषयी मौन पाळतो ते तो उघड बोलतो : हा माणूस बदललेला नाही. घसरण होते ती शेवटच्या मैदानावर. तिथे मुले टाळ्या वाजवतात, आया डोळे पुसतात आणि प्रेक्षकाला सुचवले जाते की आता हिशोब मिटला. माफीवरचा विनोद इथे क्षमेचा सोहळा होतो. क्षमा करणारे मात्र भलतेच आहेत. ज्यांचे व्हिनीने काहीच नेले नाही अशा गावाने त्याला ती देऊन टाकली आहे. हिंदीत 'द होल नाइन यार्ड्स' (२०००) या याच वळणाच्या अमेरिकन चित्रपटावरून केलेला 'आवारा पागल दीवाना' (२००२) पाहिला तर त्यात हा सोहळा नाही, नुसता धुडगूस आहे. कलाकृती म्हणून तो कमी दर्जाचा, पण या एका बाबतीत निरुपद्रवी.

दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात हास्यरस शिकवताना 'माय ब्लू हेवन' दाखवला. विद्यार्थी मनापासून हसले, मीही हसलो. पुढच्या तासाला चर्चेत परवेष, विसंगती, अंतःकरणाची बधिरता हे सर्व रीतसर झाले. उल्हासनगरात तीन नंबरला राहणारी एक विद्यार्थिनी शेवटी उभी राहिली. ती म्हणाली, "सर, तो साक्ष देतो ते ज्याच्या खुनाबद्दल, त्याचं नाव काय होतं?"

वर्गात चौदा जण होते. चित्रपट पाहून तीन दिवस झाले होते. नाचाचे नाव आठवत होते, सूटचा रंग आठवत होता, त्या शेवटच्या मैदानावर कोणी काय बोलले तेही काहींना आठवत होते. ते नाव कोणाला सांगता येईना. मलाही येईना.

"बरं," ती म्हणाली, आणि मग तिने आपल्या गावच्या त्या दोन भावांची नावे उच्चारली. ते दोघे मारले गेले तेव्हा वर्गातल्या कोणाचाच जन्म झालेला नव्हता. मागच्या बाकावरच्या अंबरनाथच्या मुलाने मोठ्याचे नाव तिच्या आधीच पुरे केले.